इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी बॉक्सिंगचं 'फुल पॅकेज' घेतलं होतं, त्याचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. एक तर हिशोब अजून पूर्ण मिटलेला नाही, आणि दुसरं म्हणजे या धंद्यातल्या लोकांची ब्रोशर नाव झाकून समोर ठेवली तर कुठलं कुणाचं ते ओळखता यायचं नाही, सगळे तेच विकतात. 'फुल पॅकेज'. म्हणजे तुम्ही फक्त हॉल आणि तारखा द्या, बाकी एन्ट्री, ॲक्रेडिटेशन (म्हणजे गळ्यातली ओळखपत्रं), रिंग, स्कोअरिंग, ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार ते), वेट-इन (खेळाडूंचं वजन घेणं), मेडिकल, बस, ओपनिंग सेरेमनी, लाइव्ह स्ट्रीम सगळं आम्ही बघतो. मी युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स कमिटीत आहे. बाहेरच्या देशांतल्या युनिव्हर्सिटींच्या टीम बोलावून विद्यार्थ्यांची बॉक्सिंग स्पर्धा घ्यायची ठरली, पोरंपोरी दोन्ही, आणि कमिटीत कुणीच याआधी इंटरनॅशनल काही घेतलेलं नव्हतं, त्यामुळे पॅकेजवर सगळ्यांनी उड्याच मारल्या. मला खेळातलं थोडं कळतं, कॉलेजात असताना खेळायचे आणि नंतर टीमची मॅनेजर म्हणून जायचे, त्यामुळे रिव्ह्यू त्या बाजूने आहे. लाइट कसे होते तेवढंच वाचायचं असेल तर इथेच सांगते, लाइट झकास होते.

बाकी सगळ्याचं एका दमात सांगायचं तर, संध्याकाळी हॉलमध्ये जे दिसतं ते यांना छान जमतं आणि सकाळी सहा-साडेसहाला बंद खोलीत जे होतं ते यांच्या गावीही नाही. आणि बॉक्सिंगची स्पर्धा बिघडते ती बहुतेक वेळा त्या सकाळच्या खोलीतच.

एन्ट्रीपासून सुरू करते. ऑनलाइन पोर्टल दिसायला छान आहे, मोबाइलवर नीट चालतं, फोटो टाकला की कार्ड कसं दिसेल ते लगेच येतं, मॅनेजरला एकाच लॉगिनमधून सगळी टीम भरता येते. पण ते क्लबच्या स्पर्धांसाठी बनवलेलं आहे हे दोन मिनिटांत कळतं. विद्यार्थी असल्याचा पुरावा म्हणून एक चौकोन, 'स्टुडंट? हो/नाही', बास. अहो, युनिव्हर्सिटी स्पर्धेत निम्मी भांडणं त्या एका चौकोनावरून होतात! आम्ही नियमांचा साचा फिसूचा घेतला होता, म्हणजे आंतरराष्ट्रीय युनिव्हर्सिटी क्रीडा महासंघ, लोझानवाले. त्यांच्याकडे वयाची वरची मर्यादा २५, आणि खेळाडू डिग्री-डिप्लोमाच्या कोर्सला रीतसर नाव नोंदवलेला पाहिजे किंवा आदल्याच वर्षी पास होऊन बाहेर पडलेला पाहिजे. पूर्वी वरची मर्यादा २८ होती, आणि पोर्टलमध्ये बघते तर २८ च टाकलेली, कुठल्यातरी जुन्या हँडबुकावरून उचललेली असणार. आम्ही बदलायला सांगितल्यावर त्याच दिवशी बदलली, तेवढं श्रेय द्यायला हवं.

पण मर्यादा बदलल्याने कागद तपासले जात नाहीत. 'आदल्या वर्षी पास' म्हणजे नक्की कधी पास? रिझल्ट लागला ती तारीख, का पदवीदान झालं ती तारीख? एका टीमच्या बॉक्सरचा रिझल्ट आधीच्या वर्षीचा आणि सर्टिफिकेटवर तारीख पुढच्या वर्षीची, आणि कंपनीच्या ॲक्रेडिटेशन डेस्कवर बसलेल्या मुलाने कार्ड छापून गळ्यात घालून मोकळं केलं होतं. दुसऱ्या टीमच्या मॅनेजरने ते पकडलं, आणि पकडणारच, कारण त्याचा पोरगा त्याच वजनात होता. शेवटी रजिस्ट्रारच्या सहीचं पत्र मागवायचं ठरलं, ते आलं, खेळाडू नियमात बसतोय असं निघालं, पण तोपर्यंत ड्रॉ अडकून राहिला. तुम्ही घेणार असाल तर एक करा, एन्ट्री बंद होण्याआधीच प्रत्येकाचं रजिस्ट्रारच्या सहीशिक्क्याचं पत्र मागवा, त्यात कोर्स, नाव नोंदवल्याची तारीख आणि संपायची तारीख असू दे, आणि पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच पाहिजे. कुठे आडनाव आधी येतं, कुठे बापाचं नाव मधे, आणि युनिव्हर्सिटीच्या ओळखपत्रावर तिसरंच काहीतरी असतं.

वयाचं अजून एक लचांड आहे जे या मंडळींना माहीतच नव्हतं. युनिव्हर्सिटीत फर्स्ट इयरला आलेलं पोरगं १७-१८ चं असतं, आणि बॉक्सिंगमध्ये यूथ (कुमार) आणि एलिट (प्रौढ) या गटांची रेघ नेमकी तिथेच कुठेतरी पडते. म्हणजे विद्यार्थी म्हणून तो अगदी चालतो पण २४ वर्षांच्या माणसासमोर रिंगमध्ये उभा करायचा का, हा प्रश्न उरतोच, वरून एलिट पुरुष २०१३ पासून हेडगार्डशिवाय खेळतात आणि यूथवाले हेडगार्ड घालतात. ॲथलेटिक्समध्ये फार तर तो शेवटचा येईल, इथे मार खाईल. मी हे विचारलं तर कोऑर्डिनेटर म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, सिस्टिममध्ये फिल्टर लावतो." लावला नाही. आम्हीच यादी काढून एकेका मॅनेजरला फोन केले.

मान्यतेचं सांगते, हा भाग कंटाळवाणा आहे पण यात स्पर्धा बुडू शकते. बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय कारभाराचं गेली काही वर्षं काय चाललंय ते माहीत असेलच. आयबा, म्हणजे बॉक्सिंगची जुनी आंतरराष्ट्रीय संघटना, २०२१ मध्ये नाव बदलून आयबीए झाली, ऑलिंपिक कमिटीने २०२३ च्या जूनमध्ये तिची मान्यता काढली, त्याच वर्षी वर्ल्ड बॉक्सिंग नावाची नवी संस्था उभी राहिली आणि तिला २०२५ च्या फेब्रुवारीत तात्पुरती मान्यता मिळाली. आता याचा विद्यार्थ्यांच्या स्पर्धेशी काय संबंध? संबंध असा की खेळाडू येतात युनिव्हर्सिटीच्या वाटेने पण रेफ्री, जज आणि टेक्निकल डेलिगेट येतात बॉक्सिंग फेडरेशनच्या वाटेने, आणि कुठल्या देशाचं फेडरेशन कुठल्या छत्रीखाली आहे त्यावर कोण आपली माणसं पाठवेल आणि कोण पाठवणार नाही ते ठरतं. आम्हाला कंपनीकडून हँडबुकाचा मसुदा आला त्यात चक्क 'आयबाच्या नियमांनुसार' लिहिलेलं! नाव बदलून जमाना झाला, मान्यता गेली, आणि यांचं कॉपी-पेस्ट चालूच. कमिटीतल्या एका सरांनी वेळेत बघितलं म्हणून ठीक, नाहीतर ते पत्र तसंच सगळ्या देशांना गेलं असतं.

खरं तर यात सगळा दोष कंपनीचाही नाही. युनिव्हर्सिटी बॉक्सिंगला असं एक ठरलेलं घर नाही. फिसूची वर्ल्ड युनिव्हर्सिटी बॉक्सिंग चॅम्पियनशिप २०१६ ला थायलंडच्या चियांग माईत झाली, २०१८ ला रशियातल्या एलिस्टाला, २०१३ च्या कझानच्या युनिव्हर्सियाडमध्ये, म्हणजे फिसूच्या सगळ्या खेळांच्या मोठ्या स्पर्धेत, बॉक्सिंग होतं, पण त्या स्पर्धेत दर वेळी ते असतंच असं नाही. त्यामुळे हेच काम वर्षानुवर्षं करणारी माणसं तयार होत नाहीत, जो तो यजमान पहिल्यापासून श्रीगणेशा करतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजवाले १८९७ पासून एकमेकांशी बॉक्सिंग खेळतायत, पण ते दोन टीमचं, एका संध्याकाळचं काम, त्यात ना ड्रॉ ना रोजचं वजन.

आता चांगलं सांगते. रिंग. रिंगसाठी यांना पैकीच्या पैकी. दोरांच्या आत ६.१० मीटर बाय ६.१० मीटर, बाहेर चारी बाजूंनी ओट्यासारखी पट्टी सोडलेली, जमिनीपासून मीटरभर उंच, चार दोर आणि चारही नीट ताणलेले. मी स्वतः सगळ्या दोरांवर पाठ टाकून बघितलं. खालचा दोर ढिला असला तर खेळाडू थेट बाहेर जातो, हा प्रकार मी बघितलेला आहे. फळ्यांच्या जोडांवर पाय फिरवून बघितला, कुठे खड्डा नाही की आवाज नाही, कॅनव्हास कुठे सुरकुतलेला नाही. लाल कॉर्नर, निळा कॉर्नर, दोन पांढरे न्यूट्रल, म्हणजे कुणाचेच नसलेले, सगळ्यांचे पॅड घट्ट बांधलेले. पायऱ्या तीन ठिकाणी, दोन खेळाडूंना आणि तिसरी न्यूट्रल कॉर्नरला डॉक्टर-रेफ्रीसाठी, ही तिसरी पायरी बरेच जण विसरतात. रिंग बसवणारे चौघे जण होते, फारसं न बोलणारे, एकाने तर रोज सेशन संपल्यावर कॅनव्हासवरचे रक्ताचे डाग स्वतः पुसले आणि सकाळी येऊन परत दोर ताणले, कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीत त्या माणसाचा पगार वाढवा असं मी फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय.

शेड्यूल मात्र अशा कुणीतरी बनवलं होतं ज्याने बाउट, म्हणजे लढत, फक्त टीव्हीवर बघितलीय. साधा हिशोब आहे. तीन मिनिटांचे तीन राउंड आणि मधे मिनिटाच्या दोन विश्रांती, झाली ११ मिनिटं. त्यात खेळाडू चालत येणार, रेफ्री ग्लोव्ह्ज आणि माउथपीस बघणार, नाव पुकारणार, शेवटी दोघांचे हात धरून निकाल, हे धरून १५ मिनिटांच्या खाली बाउट बसत नाही. काही बाउट लवकर थांबतात हे खरं, पण त्या भरवशावर शेड्यूल बनवत नाहीत. यांनी १२ मिनिटं धरली. सोळा बाउटचं सेशन असेल तर कागदावर ३ तास १२ मिनिटं आणि प्रत्यक्षात चार तास, आणि त्यात ओपनिंगच्या दिवशी भाषणं आणि नाच वेगळा. शेवटची बाउट संपली तेव्हा अकरा वाजून गेले होते, जिंकलेल्या मुलीला जेवून हॉस्टेलला जाईपर्यंत मध्यरात्र, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिचं वजन.

ड्रॉचं सॉफ्टवेअर ठीक होतं. एका वजनात १३ जण असले तर १२ बाउट, तिघांना बाय (पहिली फेरी न खेळता पुढे), हे ते बरोबर काढतं, आणि सेमीफायनल हरलेल्या दोघांनाही ब्राँझ मिळतं हेही त्याला माहीत होतं, ब्राँझची बाउट टाकून ठेवली नव्हती (एकाच्या डेमोमध्ये टाकलेली बघितलीय, म्हणून सांगते). फक्त ज्याला बाय नाही त्याला फायनलपर्यंत चार बाउट पडतात, त्याला मधे विश्रांतीचा दिवस मिळतो का हे कुणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं. मॅनेजरांच्या मीटिंगमध्ये ड्रॉ मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांसमोर काढला हे मला फार आवडलं, त्यामुळे नंतर त्यावरून कुणी तोंड उघडलं नाही.

आता वेट-इन. इथे मी मोकळेपणाने लिहिणार आहे.

बॉक्सिंगमध्ये एकदा वजन दिलं की झालं असं नसतं, ज्या दिवशी बाउट त्या दिवशी सकाळी वजन आणि डॉक्टरची तपासणी. आणि वजन संपल्यापासून पहिल्या बाउटपर्यंत निदान तीन तास मोकळे ठेवायचे, पोरांनी खाऊन-पिऊन अंगात जीव आणावा म्हणून. म्हणजे दुपारचं सेशन असेल तरी वजन भल्या सकाळी, कारण उपाशी पोराला जितकी लवकर सुटका मिळेल तितकं बरं. कंपनीच्या कागदावर वेट-इन साडेसहाला बरोबर लिहिलेलं होतं. आणि त्याच कंपनीच्या बसच्या कागदावर हॉस्टेलवरून पहिली बस सातला! वजनाचं टाइमटेबल एकाने केलेलं, बसचं दुसऱ्याने, आणि दोघांनी एकमेकांचं बघितलेलं नाही. पहिल्या सकाळी आमचे व्हॉलंटियर आपापल्या गाड्या घेऊन हॉस्टेलला पळाले, आणि एक टीम तर चक्क धावत आली, त्यांचा कोच म्हणाला बरं झालं, तेवढाच घाम गेला.

काटा एकच आणलेला. हॉस्टेलवर टेस्टसाठी दुसरा काटा पाहिजे हे मीटिंगमध्ये मी बोलले होते, लिहूनही घेतलं होतं, आणला नाही. टेस्टचा काटा हा काही लाड नाही. रात्रभर पोरं त्या काट्याच्या भोवती घुटमळत असतात, १०० ग्रॅम जास्त आहे का कमी हे कळल्याशिवाय पाणी प्यायचं का नाही ते ठरत नाही. मग काय, कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकचं जॅकेट घालून दोरीवरच्या उड्या चालू, आणि कुणीतरी बॅगेतून आणलेला घरगुती काटा, तो दर वेळी वेगळं दाखवतो. अशा वेळी मित्राने दिलेली लघवी होण्याची गोळी पण पोरं घेतात, आणि ती डोपिंगच्या यादीत बंदी असलेली आहे हे त्यांना ठाऊक नसतं. विद्यार्थी आहेत, प्रोफेशनल टीमसारखा सोबत डॉक्टर-डाएटिशियन नसतो, कोच एकटा आणि तोही बऱ्याचदा युनिव्हर्सिटीत दुसरंच काहीतरी शिकवणारा.

तर तो एकमेव काटा मीटिंग रूममध्ये कार्पेटवर ठेवलेला. जाड, मऊ कार्पेट. पहिले आठ-दहा जण चढून उतरले, मग ६५ किलोतला एक मुलगा चढला, आकडा ६५.२. तो उतरला, परत चढला, ६५.०. पुन्हा चढला, ६५.३. त्याचा कोच काही न बोलता खाली बसला, काट्याच्या पायाखाली बोट घातलं आणि वर बघितलं. एक पाय कार्पेटमध्ये रुतलेला होता. सुपरवायझरने लगेच काटा उचलून बाहेर फरशीवर ठेवायला लावला, मुलगा चढला, ६४.९. बरं, मग आधी चढलेल्यांचं काय? पुन्हा चढवा म्हणावं तर ते काट्यावरून उतरल्या उतरल्या पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावून बसलेले, अर्धा लिटर पोटात गेलं म्हणजे अर्धा किलो वाढलं, आता ते वजनात कसे बसणार? सुपरवायझर बाई अनुभवी होत्या, त्यांनी दोन मिनिटांत ठरवलं की जे वजनात बसले ते बसले, जे जास्त निघाले त्यांनाच फरशीवर परत संधी, आणि तसं सगळ्या मॅनेजरांच्या सह्या घेऊन लिहून ठेवलं. त्या बाई फेडरेशनकडून आलेल्या, कंपनीच्या नव्हत्या. कंपनीचा माणूस त्या वेळी हॉलमध्ये साउंड चेक करत होता.

मुलींच्या वजनाबद्दल. वेगळी खोली होती, पडदा होता, पण दारावर कंपनीने दोन मुलगे उभे केलेले, हातात मोबाइल. मुलींना अगदी कमी कपड्यांत काट्यावर चढावं लागतं, आत सगळ्या बायका ऑफिशियल लागतात, आणि दारावरही बाईच पाहिजे, फोन बाहेर ठेवून. हे कुणाला समजावून सांगावं लागतंय याचाच मला राग आला. त्या मुलांना मी पाठवून दिलं आणि नंतर सगळ्या सकाळी दारावर आमच्या युनिव्हर्सिटीच्या मुली उभ्या राहिल्या.

मेडिकल. पॅकेजमध्ये 'मेडिकल सपोर्ट' एवढंच लिहिलेलं असतं, त्याच्या आत काय ते नीट विचारा. आम्हाला मिळाल्या एक रिंगसाइड डॉक्टर, एक मदतनीस आणि एक ॲम्ब्युलन्स. डॉक्टर फारच चांगल्या होत्या. पहिल्या दिवशी सेशनच्या आधी त्या आपल्या खुर्चीपासून न्यूट्रल कॉर्नरच्या पायरीपर्यंत आणि तिथून दरवाज्यापर्यंत स्ट्रेचर घेऊन चालत गेल्या, आणि मधे कॅमेऱ्याची क्रेन आडवी आली. स्ट्रीमिंगवाल्यांना म्हणाल्या, ही इथून हलल्याशिवाय पहिली बेल वाजणार नाही. ते लोक कुरकुरले, पण हलवली.

ॲम्ब्युलन्स एक म्हणजे काय होतं ते सांगते. ती पेशंट घेऊन गेली की हॉलमध्ये ॲम्ब्युलन्स नाही, आणि ॲम्ब्युलन्स नाही तर बाउट नाही. एका मुलाच्या खांद्याचं काहीतरी झालं, जिवावरचं काही नव्हतं पण हॉस्पिटलला न्यायलाच हवं होतं, ती गेली आणि सगळी स्पर्धा ठप्प. पुढचे दोघे बँडेज बांधून, ग्लोव्ह्ज घालून, अंग गरम करून तयार, आणि बसलेत. कंपनीचा कोऑर्डिनेटर म्हणतो, "मॅडम, चालू करू ना, येईलच ती पाच मिनिटांत." नाही चालू करायचं! अमेरिकेत एनसीएएची, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची, बॉक्सिंग एके काळी मोठी गोष्ट होती. १९६० च्या स्पर्धेत विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीचा चार्ली मोर बाउटनंतर कोसळला आणि काही दिवसांनी गेला, आणि त्यानंतर एनसीएएने बॉक्सिंगच काढून टाकलं, ते आजतागायत परत आलेलं नाही. युनिव्हर्सिटीत या खेळावर आधीच दहा जणांचा डोळा असतो, पालक, प्राध्यापक, विमावाले, एक वाईट संध्याकाळ आणि खेळ बंद. कोऑर्डिनेटरला हे सगळं सांगायला वेळ नव्हता, डॉक्टरांनी नुसती मान हलवली आणि रेफ्री खाली उतरले. दुसरी ॲम्ब्युलन्स आम्ही दुसऱ्या दिवसापासून स्वतः लावली.

अजून एक, जे सहसा सुटतं. ६० किलोतल्या एका मुलीला जोरात लागलं, रेफ्रीने आठपर्यंत मोजलं, डोळ्यांत बघितलं आणि बाउट थांबवली. ती हरली म्हणजे स्पर्धेतून गेली, त्यामुळे आयोजकांच्या दृष्टीने विषय संपला. पण डोक्याला असा मार बसून बाउट थांबली की त्या खेळाडूला निदान महिनाभर रिंगबाहेर ठेवायचं असतं, स्पारिंगसुद्धा नाही, आणि ते तिच्या मेडिकल बुकात लिहून तिच्या देशात पोचलं पाहिजे. नाहीतर ती घरी जाऊन पुढच्याच आठवड्यात कुठल्यातरी इंटर-कॉलेजला उतरेल आणि तिथे कुणाला काही माहीत नसेल. कंपनीकडे यासाठी फॉर्मच नव्हता. डॉक्टरांनी लेटरहेडवर हाताने लिहिलं, मी फोटो काढून तिच्या युनिव्हर्सिटीला मेल केला, आणि सांगायला आनंद वाटतो की त्यांचं उत्तर आलं, नोंद केली म्हणून.

स्कोअरिंगवर फार लिहीत नाही कारण ते चांगलं चाललं. पाच जज, प्रत्येकाच्या हातात पॅड, राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ किंवा कमी, आणि राउंड संपला की आकडे सिस्टिममध्ये. वायरचे पॅड होते, वायरलेस नाही, हे मुद्दाम विचारून घ्या कारण हॉलमध्ये शेकडो मोबाइल असतात. सोबत कागदी स्लिपा पण भरून घेत होते. ऑपरेटर मुलगी कामात तरबेज होती. फक्त लाइव्ह स्ट्रीमच्या ग्राफिक्सवाल्याने एका संध्याकाळी लाल-निळा उलटा लावला. हॉलमध्ये निकाल बरोबर, स्ट्रीमवर उलटा, आणि हरलेल्या पोराला घरून अभिनंदनाचे फोन! त्याने आईला काय सांगितलं असेल कोण जाणे. चूक दाखवल्यावर सुद्धा त्यांनी दोन बाउट तशाच जाऊ दिल्या, म्हणे टेम्प्लेट लॉक आहे.

ग्लोव्ह्ज आयोजकांनी द्यायचे असतात, हलक्या वजनांना १० औंस, जड पुरुषांना १२, लाल आणि निळे. यांनी नवे आणले होते, क्वालिटी चांगली, पण संख्या कमी. एक जोडी रिंगमध्ये, एक जोडी पुढच्याच्या हातात, एक पुसायला, एवढं तरी धरायला हवं, कारण रक्त लागलेला ग्लोव्ह तसाच पुढच्या पोराच्या हातात देत नाहीत, जंतुनाशकाने पुसून वाळवावा लागतो. ग्लोव्ह्जच्या टेबलावरची दोन मुलं घामाघूम झाली होती बिचारी, एक पुसतोय, दुसरा पुठ्ठ्याने वारा घालतोय.

डोपिंग कंट्रोलची खोली कागदावर होती, प्रत्यक्षात लघवीचा नमुना घ्यायला तिला लागून टॉयलेट नव्हतं, मग तिचा काय उपयोग. झेंडे आणि राष्ट्रगीतं बरोबर होती, हे ऐकायला सोपं वाटतं पण इंटरनॅशनलला इथेच नाचक्की होते, त्यांनी प्रत्येक मॅनेजरला आधी ऑडिओ ऐकवून सही घेतली होती, शाबास. अनाउन्सर नावं विचारून घेत होता आणि बऱ्यापैकी उच्चारत होता. बसगाड्या सकाळचा तो घोळ सोडला तर वेळेवर.

घ्यावं का? रिंग, स्कोअरिंग, ड्रॉ, अनाउन्समेंट, झेंडे, यासाठी डोळे मिटून घ्या. एन्ट्रीची छाननी, वेट-इन आणि मेडिकल पॅकेजमधून काढून टाका आणि तेवढे पैसे कमी करून घ्या, ते होतात, आम्ही नंतर विचारलं तर म्हणाले हो, तसा पण प्लॅन आहे, फक्त ब्रोशरमध्ये नाही. छाननीला युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातला एखादा जुना क्लार्क बसवा, सर्टिफिकेटवरची खाडाखोड त्याच्याइतकी कुणालाच दिसत नाही. वेट-इनला फेडरेशनची माणसं आणि दोन तपासून आणलेले काटे, फरशीवर. पाचापैकी साडेतीन स्टार, त्यातला एक पूर्ण त्या रिंग बसवणाऱ्यांचा.

सर्टिफिकेटचं राहिलंच. पोर्टलमधून आपोआप छापून येतात, सेरेमनी संपायच्या आधी हातात, सोय चांगली आहे, पण एन्ट्रीच्या वेळी नाव जसं टाइप झालं तसंच छापतं, आणि निम्म्यांची आडनावं पुढे-मागे झालेली. विद्यार्थ्यांना हा कागद हजेरीसाठी, क्रेडिटसाठी, स्कॉलरशिपसाठी लागतो, पासपोर्टशी नाव जुळलं नाही तर त्यांची युनिव्हर्सिटी घेत नाही. दुरुस्तीची यादी पाठवून बरेच दिवस झाले. दोन टीमची आली, बाकीच्यांचे मॅनेजर अजून मलाच मेल करतायत, आणि कंपनीकडून दर सोमवारी एकच उत्तर येतं, प्रोसेसमध्ये आहे मॅडम.